नऊ महिने ‘क्वेक’ खेळल्यानंतर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ‘क्वेक’ हा संगणकावरचा बंदुकीचा गेम विकत घेतला. मूळ गेम इड सॉफ्टवेअरने जून १९९६ मध्ये आणला होता. माझ्याकडे आहे ती नाइटडाइव्ह स्टुडिओजने नव्याने घडवलेली, ऑगस्ट २०२१ मध्ये आलेली आवृत्ती. आता आषाढ लागला आहे. या नऊ महिन्यांत आठवड्यातले चार-पाच दिवस, ऐरोलीच्या ऑफिसातून ठाण्याला परतून जेवणे आवरली की साधारण पाऊण तास मी हा गेम खेळत आले आहे. चारही मूळ भाग तीन वेळा पूर्ण झाले, त्यांपैकी एकदा कठीण पातळीवर. इतक्या दिवसांनंतर माझे ठाम मत असे झाले आहे की हातात बंदूक दिलेली असली तरी हा खेळ पायांचा आहे, आणि तो मला का सोडवत नाही याचे कारणही तेच आहे.

माझी आणि या गेमची पहिली ओळख १९९८ सालची. नौपाड्यातल्या ज्या संगणक वर्गात मी टॅली शिकायला जात असे, तिथल्या एका मशीनवर कोणीतरी ‘क्वेक’चा पहिला भाग टाकून ठेवला होता, तो भाग कंपनीने फुकट वाटण्यासाठीच दिलेला होता, पुढचे तीन पैसे भरून घ्यायचे होते. त्या वेळी मी कॉलेजच्या खो-खो संघात होते आणि पळती हे माझे काम होते. पुढच्याच वर्षी उजव्या गुडघ्याची दुखापत झाली आणि मैदान सुटले. हे इथे सांगायचे कारण एवढेच, की या गेमबद्दल मी जे लिहिणार आहे ते एका खो-खो खेळाडूच्या नजरेतून लिहिणार आहे, आणि मला वाटते ती नजर इथे उपयोगी पडते.

आजच्या बहुतेक बंदुकीच्या गेममध्ये माणूस आडोसा धरून बसतो, दुर्बिणीतून नेम धरतो, गोळ्या संपल्या की पुन्हा भरतो, जखमी झाला तर काही क्षण लपून राहतो आणि तब्येत आपोआप भरून येते. ‘क्वेक’मध्ये यांतले काहीही नाही. बंदूक पुन्हा भरावी लागत नाही, डोळ्याला लावावी लागत नाही, पळून दम लागत नाही. हेल्थ कमी झाली तर ती वाढवणारी पेटी पुढच्या खोलीत असते आणि त्या खोलीत शत्रूही असतात, म्हणजे बरे व्हायचे असेल तर पुढेच जावे लागते. आपला धावण्याचा वेग गेमच्या मापात सेकंदाला ३२० एकक आणि रॉकेटचा १००० एकक. याचा अर्थ रॉकेट आपल्यापेक्षा तिपटीहून थोडे जलद असते. म्हणूनच अंतर पुरेसे असेल तर ते सुटलेले दिसते, कुठे जाणार हे कळते, आणि एक पाऊल बाजूला टाकून चुकवता येते. या गेममधले बहुतेक धोके असे डोळ्यांना दिसणारे आहेत. मी मरते तेव्हा का मेले हे मला दर वेळी ठाऊक असते, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

शत्रूंची आखणी हा या गेमचा सर्वांत समृद्ध भाग आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते. ‘फीन्ड’ नावाचा एक शत्रू आहे: शिंगे असलेला, कोयत्यासारख्या लांब पंजांचा. तो दुरून धावत येतो आणि मध्येच अंगावर झेप घेतो. सुरुवातीचे दोन आठवडे त्याने मला अक्षरशः फाडून काढले, कारण त्याला पाहताच मी मागे सरकत होते. मग एका रात्री लक्षात आले की हा तर खो-खोतला पाठलाग करणारा गडी आहे. खो-खोत पाठलागाला उठलेल्या गड्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत त्याला उलटे फिरता येत नाही. पळणाऱ्याला मात्र कुठेही वळण्याची मुभा असते, आणि पळतीचे सगळे कसब या फरकावर उभे आहे. फीन्डचेही तसेच. झेप घेईपर्यंत तो तुमच्या मागावर असतो, पण पाय जमिनीवरून सुटले की त्याला दिशा बदलता येत नाही. तेव्हा मागे सरकणे हा सर्वांत वाईट उपाय. त्याच्याकडे दोन पावले जायचे, हूल द्यायची, तो उडाला की त्याच्या बगलेतून पुढे निघायचे आणि तो जमिनीवर टेकून वळेपर्यंत दुनळीचे दोन बार त्याच्या पाठीत घालायचे. हे पहिल्यांदा जमले तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या माझा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला होता. गुडघ्याने विसरलेली हालचाल डोक्यात शाबूत होती.

दुसरा शत्रू ‘ओगर’. एका हातात करवत, दुसऱ्या हाताने तो बाँब फेकतो. बाँब भिंतीवर आपटून उसळतात आणि कोणाला लागले नाहीत तर अडीच सेकंदांनी फुटतात. एकटा ओगर फारसा त्रास देत नाही, पण तो वरच्या कट्ट्यावर आणि खाली फीन्ड असेल तर खोलीचा नकाशाच बदलून जातो. मार्चमध्ये एकदा अशाच खोलीत माझ्याकडे १२ हेल्थ आणि दुनळीची चार काडतुसे उरली होती. गेममध्ये एका जातीच्या शत्रूचा मार दुसऱ्या जातीच्या शत्रूला लागला तर ते आपसांत भिडतात, हे मला माहीत होते. मी फीन्डला मागे घेऊन कट्ट्याच्या समोर गोल फिरत राहिले, खो-खोत रिंगण धरतो तसे, आणि ओगरचा बाँब माझ्याऐवजी फीन्डच्या पायाशी पडेल अशी वेळ साधण्याचा प्रयत्न केला. तिसऱ्या फेरीत तो पडला. फीन्ड जागच्या जागी वळला, माझ्याकडे पाठ करून कट्ट्याकडे झेपावला, आणि मी भिंतीला टेकून त्या दोघांचा आवाज ऐकत उभी राहिले. एकही काडतूस न उडवता ती खोली मोकळी झाली. शत्रू कसा वागतो हे नीट ओळखले तर हातातल्या गोळ्यांपेक्षा ती ओळख जास्त कामाला येते, हा अनुभव इतका स्वच्छपणे देणारा दुसरा गेम माझ्या पाहण्यात नाही.

पळण्याचा आणखी एक थर आहे आणि तो शिकायला मला जवळजवळ दोन महिने लागले. जमिनीवर पाय असतो तोपर्यंत घर्षण वेगाला आवर घालते. हवेत घर्षण नसते. शिवाय तुम्ही ज्या दिशेला जोर लावता त्या दिशेतला वेग मर्यादेत आहे की नाही एवढेच गेम तपासतो, एकूण वेग तपासत नाही. म्हणून उडी मारायची, पुढची कळ सोडून बाजूची दाबायची, त्याच बाजूला माउस अलगद वळवायचा, आणि पाय टेकताच पुन्हा उडी घ्यायची. प्रत्येक उडीत वेगात थोडी भर पडते आणि ३२०ची मर्यादा मागे राहते. शत्रू संपलेल्या रिकाम्या लेव्हलमध्ये मी रोज दहा मिनिटे एवढाच सराव करत असे. डावी-उजवी, डावी-उजवी, अशी ही चाल खो-खोतल्या साखळीची, म्हणजे बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळण्याची, आठवण करून देते, आणि साखळीप्रमाणेच ती लयीवर चालते, घाई केली की तुटते. जून १९९७ मध्ये काही खेळाडूंनी मिळून सर्वांत कठीण पातळीवर संपूर्ण गेम १९ मिनिटे ४९ सेकंदांत संपवून दाखवला होता. माझा पहिला भाग अजूनही त्याहून जास्त वेळ घेतो, पण ते चित्रण आता पाहताना कोणती उडी कशासाठी घेतली हे मला कळते.

हातांच्या मांडणीबद्दल एक सूचना करते. बोटे हेच इथे पाय असल्यामुळे बाणांच्या कळांवर खेळू नये. डब्ल्यू, ए, एस, डी या कळा आणि माउस हीच जोडी वापरावी. ही मांडणी रूढ होण्यात डेनिस फाँग या खेळाडूचा मोठा वाटा मानला जातो. १९९७ च्या ‘क्वेक’ स्पर्धेत त्याने गेमचे मुख्य प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांची स्वतःची फेरारी बक्षीस म्हणून जिंकली होती. माझा आधीचा माउस दुसऱ्याच महिन्यात एका दाबाचे दोन दाब नोंदवू लागला आणि दुकानदाराने तो बदलून देण्यास नकार दिला, तेव्हा माउसवर थोडे जास्त पैसे खर्च करावेत असे सुचवते. बाकी यंत्र साधे चालते. माझा सहा वर्षांचा लॅपटॉप आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, तरी गेम एकदाही अडखळला नाही. पहिल्या आठवड्यात मला गरगरत असे. दृश्याची रुंदी थोडी वाढवली, चालताना बंदूक हलते ती बंद केली आणि खोलीतला दिवा लावून बसू लागले, तेव्हा तो त्रास गेला.

उणिवा आहेत. रंग बहुतांश तपकिरी आणि करडे आहेत. सलग तासभर बसले तर डोळे कंटाळतात. चौथ्या भागात उसळणारे निळे गोळे येतात, जे मरतानाही स्फोट करून जातात. त्यांच्यापुढे कसबापेक्षा नशीब जास्त लागते आणि या गेमच्या स्वभावाला ते शोभत नाहीत. शेवटच्या शत्रूवर शस्त्रांचा उपयोगच नाही, योग्य क्षणी टेलिपोर्टरमधून, म्हणजे क्षणात दुसऱ्या जागी नेणाऱ्या दारातून, त्याच्या जागी प्रकट व्हावे लागते. कल्पना चतुर आहे हे मान्य, परंतु चार भाग पळवून आणल्यावर शेवटी पळतीची परीक्षा घेतली जात नाही याचे मला दर वेळी वाईट वाटते. उलट सुरुवात अतिशय देखणी आहे. गेम किती कठीण हवा ती पातळी निवडायची तर मेन्यूत जावे लागत नाही. तीन वाटांपैकी एका वाटेने चालत जायचे असते, आणि चौथी, ‘नाइटमेअर’ची वाट मुद्दाम लपवून ठेवलेली आहे.

माझा भाचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कोपरखैरण्याहून रविवारी येतो. त्याची सवय मोबाइलवरच्या गेमची. पहिल्या दिवशी दर काही गोळ्यांनंतर तो भिंतीआड जाऊन कळ शोधत असे. “आत्या, यात रिलोड कुठंय?” असे त्याने तीनदा विचारले. मी म्हटले, “नाहीये. आणि तू उभा का राहिलास?” आता आम्ही पडदा दुभागून, तो कंट्रोलरवर आणि मी माउसवर, एकत्र खेळतो. फीन्ड दिसला की एकाने त्याला अंगावर घ्यायचे आणि झेप चुकवून दुसऱ्याकडे सोपवायचे, असे आम्ही ठरवले आहे. मागच्या रविवारी भाचा कोपऱ्यात सापडला होता, हेल्थ विशीच्या खाली गेली होती, त्याने झेप चुकवली, माझ्या बाजूला पळत आला आणि घर दणाणेल इतक्या मोठ्याने ओरडला, “आत्या, खो!”