पाच मीटर पंखांचं आरसी ग्लायडर: लाकडी का-८ बांधायचं की साच्यातलं डिस्कस घ्यायचं?

फोमच्या दोन मीटरच्या रेडिओ-कंट्रोल (आरसी) ग्लायडरवर हात बसला की मन मोठ्या स्केल मॉडेलकडे ओढ घेतं. एक-तृतीयांश आकाराचं, खऱ्या ग्लायडरसारखं संथ वळणारं, डोक्यावरून जाताना पंखांचा सूं आवाज करणारं. मग प्रश्न येतो तो लाकडाचा की फायबरचा. या प्रश्नावर नुसत्या आवडीनिवडीने बोललं जातं, म्हणून इथे दोन ठरावीक विमानं घेतो आणि त्यांनाच शेजारी शेजारी ठेवून बघतो.

पहिलं आहे श्लायशरचं का-८. रुडॉल्फ कायझर यांनी क्लबांसाठी आखलेलं, १९५७ मध्ये पहिल्यांदा उडालेलं. लाकडी पंख, स्टीलच्या नळ्यांचं फ्यूजलाज (धड), वरून कापड. दुसरं शेम्प-हिर्थचं डिस्कस, १९८४ चं, पूर्ण फायबरचं, स्टँडर्ड क्लासच्या स्पर्धा वर्षानुवर्षं गाजवलेलं. निवड या दोघांचीच का, तर दोघांचाही विंगस्पॅन, म्हणजे पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी, १५ मीटर आहे. १:३ मध्ये दोन्ही मॉडेलं बरोबर पाच मीटरची होतात. त्यामुळे जो फरक उरतो तो आकाराचा नसतो, बांधणीचा आणि स्वभावाचा असतो.

आधी आकडे, कारण बाकी सगळं त्यातून येतं

खऱ्या का-८ च्या पंखाचं क्षेत्रफळ १४.१५ चौरस मीटर, डिस्कसचं १०.५८. एक-तृतीयांशला ९ ने भागायचं: का-८ ला १५७ चौरस डेसिमीटर, डिस्कसला साधारण ११८. का-८ नीट बांधलं तर ८ किलोत बसतं. साच्यातलं डिस्कस सगळं सामान भरून १० किलोच्या आसपास जातं. म्हणजे विंग लोडिंग (पंखाच्या क्षेत्रफळावर येणारं वजन) एकीकडे ५१ ग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर आणि दुसरीकडे ८५.

याचा मैदानावरचा अर्थ असा. थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, रमायच्या वेगाने का-८ ताशी ३८-३९ किलोमीटरने जातं, डिस्कस ५० ने. ३५ अंश कलून वळवलं तर का-८ चं वर्तुळ सुमारे २० मीटर त्रिज्येचं, डिस्कसचं ३४ मीटरचं. जमिनीजवळ थर्मल अरुंद असतो, वर गेल्यावर तो फुगतो. त्यामुळे ६०-७० मीटर उंचीवर हवेचा एक छोटा बुडबुडा सापडला तर का-८ त्यात मावतं, डिस्कस त्याच्या कडेने फिरत राहतं आणि खाली येतं.

आपल्याकडे हा मुद्दा युरोपापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. ड्रोन नियम २०२१ नुसार २ ते २५ किलोचं मॉडेल ‘स्मॉल’ वर्गात मोडतं. करमणुकीच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट (बनावटीला सरकारी मान्यता) लागत नाही, पण ते नजरेच्या टप्प्यात ठेवावं लागतं आणि ग्रीन झोनमध्येही (जिथे वेगळी परवानगी लागत नाही) उंचीची मर्यादा ४०० फूट, म्हणजे १२० मीटर. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते, त्याच्या आत यलो आणि रेड झोन. लोहगाव विमानतळामुळे पुण्याच्या भोवतीचा बराच भाग यात सापडतो. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघितल्याशिवाय मैदान ठरवू नका, नोंदणीची अटही त्याच बैठकीत वाचून घ्या. सांगायचा मुद्दा हा की डिस्कसची खरी मजा उंची घेऊन, वेग धरून लांबवर पळण्यात आहे. १२० मीटरच्या छताखाली ती अर्धीच मिळते. का-८ ला हे छत फारसं जाचत नाही.

स्पार

मोठ्या ग्लायडरमध्ये सगळं काही स्पारवर, म्हणजे पंखाच्या आतल्या लांब कण्यावर, येऊन थांबतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

१० जीचा, म्हणजे विमानाच्या वजनाच्या दहापट, भार धरू. सावध उडवणाऱ्याला तो जास्त वाटेल, पण उताराच्या कडेला वाऱ्याचा झटका किंवा टोवर (दुसऱ्या विमानाने ओढून नेताना) दोरी ताणली जाणं हे सावध माणसालाही चुकत नाही. आठ किलोच्या का-८ च्या एका पंखावर तेव्हा ४० किलोचं उचल-बल येतं आणि ते मुळापासून साधारण १०५ सेंटिमीटरवर एकवटलंय असं मानता येतं. का-८ चा पंख मुळाशी जाड आहे, स्पारला साडेसहा सेंटिमीटर उंची मिळते. हिशोब केला की वरच्या पट्टीवर दाब आणि खालच्या पट्टीवर ताण साडेसहाशे किलोच्या आसपास निघतो. २० बाय १० मिलिमीटरची, सरळ रेषेची, गाठ नसलेली पाइनची पट्टी हे सहन करते. टोकाकडे ती निमुळती करत न्यायची, दोन पट्ट्यांच्या मध्ये बाल्साचं जाळं उभ्या रेषेने भरायचं आणि मुळाजवळ त्याला प्लायचं अस्तर लावायचं. हे घरच्या टेबलावर होतं.

डिस्कसचं वजन जास्त आणि पंख पातळ, स्पारची उंची जेमतेम चार सेंटिमीटर. त्याच हिशोबाने पट्टीवरचा भार तेराशे किलोवर जातो. तिथे लाकूड पुरत नाही, कार्बन रोव्हिंग (कार्बनच्या धाग्यांचा जुडगा) लागतं, आणि कार्बनच्या धाग्यात एकही सुरकुती चालत नाही. म्हणून डिस्कस घरी पहिल्यापासून बांधायच्या फंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते साच्यातूनच घ्यावं, ज्याने शेकडो पंख ओतलेत त्याच्याकडून.

का-८ मध्ये फेरफार करणाऱ्यांना एक मोह हमखास होतो. मूळ गॉटिंगन प्रोफाइल (पंखाच्या छेदाचा आकार) जाड आणि जुनं आहे, मॉडेलच्या वेगाला रेनॉल्ड्स आकडा (वेग आणि पंखाची रुंदी धरून हवेचा प्रवाह कसा वागेल ते सांगणारा) दोन लाखांच्या आसपास असतो (खऱ्या विमानाला बारा लाखांच्या पुढे), तेव्हा पातळ, आधुनिक एचक्यू मालिकेतलं प्रोफाइल टाकू, वाऱ्याला चांगलं भिडेल. भिडतंही. पण पंखाची जाडी त्याच्या रुंदीच्या १६ टक्क्यांवरून १३ वर आणली की स्पारची उंची त्याच प्रमाणात घटते आणि वरचा सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. मधला मार्ग मला जास्त पटतो: मुळाशी जाडी तशीच ठेवा, टोकाकडे पातळ करा आणि टोकाला दोन-अडीच अंशांचा वॉशआउट (पुढची कड खाली जाईल असा पीळ) द्या. पुढच्या कडेचं डी-बॉक्स (कडेपासून स्पारपर्यंतची बंद पेटी) प्लायऐवजी बाल्साने करणार असाल तर आतून ४५ अंशात पातळ ग्लास कापड लावा. पंखाचा पीळ हे डी-बॉक्सच धरतं. ते कमजोर राहिलं तर एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या, विमान कलवणाऱ्या झडपा) फडफडायला वेळ लागत नाही.

मोटर बसवायची असेल तर

मोठं ग्लायडर ओढून न्यायला ५० सीसीच्या वरचं टो विमान, ते उडवणारा दुसरा पायलट आणि बऱ्यापैकी लांब धावपट्टी लागते. महाराष्ट्रात हे तिन्ही एका जागी जुळून येणं अवघड. त्यामुळे बहुतेकांचा शेवट नाकातल्या फोल्डिंग प्रोपेलरवर होतो. खऱ्या डिस्कस-२ ची एफईएस (नाकात इलेक्ट्रिक मोटर असलेली) आवृत्ती अशीच आहे, तेव्हा स्केलच्या दृष्टीनेही त्यात कमीपणा नाही.

का-८ इथे पुढे जातं. लाकडी शेपटी नेहमी हवी त्यापेक्षा जड होते आणि शेपटीतला प्रत्येक १० ग्रॅम नाकात साधारण २५ ग्रॅम शिसं मागतो. बरेच का-८ नाकात किलोभर शिसं घेऊन उडतात. त्या शिशाच्या जागी मोटर आणि सहा सेलची लायपो बॅटरी ठेवली की जवळपास तेवढ्याच वजनात विमान स्वतःच्या बळावर वर जातं. साडेआठ किलोचं मॉडेल सेकंदाला तीन मीटरने चढवायला बॅटरीतून सहाशे वॉटच्या आसपास पुरतात. जमिनीवरून डॉलीवर (सुट्या चाकगाडीवर) धावून उठायचं असेल तर दुप्पट धरा. स्वतः बांधत असल्याने पहिला फॉर्मर (धडाची आडवी चौकट) मोटरच्या मापाचा, खाली आणि उजवीकडे दोन-तीन अंश झुकलेला सुरुवातीलाच लावता येतो. का-८ चं नाक बोथट आहे, त्यावर स्पिनर थोडा उपरा दिसतो, ते डोळ्यांना मान्य करावं लागतं.

डिस्कसमध्ये तयार नाक करवतीने कापावं लागतं. स्पिनरच्या व्यासाशी तंतोतंत जुळेल अशी जागा शोधायची, चारही बाजूंनी पट्टी लावून कापायचं, आत कार्बनची रिंग चिकटवायची. एकदा कापलं की परत नाही. कंपनीकडूनच मोटरवालं नाक मिळत असेल तर जास्तीचे पैसे देऊन तेच घ्या.

उतरणं, तुटणं, जोडणं

उतरताना का-८ कडे साधारण साडेचारशे ज्यूल गतिज ऊर्जा असते, डिस्कसकडे साडेनऊशे. म्हणजे दुप्पट. त्यात दख्खनचा उन्हाळा: पुण्याची ५६० मीटर उंची आणि ३८ अंश तापमान धरलं तर हवा इतकी विरळ होते की समुद्रसपाटीच्या थंड हवेपेक्षा दोन्ही मॉडेलं सात टक्के जास्त वेगाने टेकतात.

सह्याद्रीच्या पठारांवर जांभा दगड आहे, कडा खडबडीत, वर वाळकं गवत. डिस्कसचं पोट त्यावर घासलं की जेलकोट (वरचा गुळगुळीत थर) जातो. चाक आत घेणारी यंत्रणा दगडावर अडली तर फ्यूजलाजमधून उखडून येते. का-८ ला पुढे लाकडी स्किड (घसरपट्टी) आणि मागे आत न जाणारं चाक. स्किड झिजते, नवी लावायची. रिब (पंखाची फासळी) मोडली तर आराखड्याची फाइल उघडून तेवढीच लेझरवर कापून आणायची, कापड सोलायचं, जोडायचं, ओराटेक्स कापडाचा ठिगळ इस्त्रीने बसवायचा. एका रविवारचं काम. साच्यातल्या पंखाला तडा गेला तर आतला फोम किंवा हनीकोम किती लांबपर्यंत सुटलाय हे बाहेरून दिसत नाही. नाण्याने टकटक करत आवाज बदलतो तिथपर्यंत जावं लागतं, मग उतार घासून थर चढवायचे. जमतं, पण रंगाचा डाग कायम राहतो.

हवामान दोघांनाही छळतं, वेगवेगळ्या ऋतूंत. पावसाळ्यात लाकूड ओलावा पितं, आवरण सैल पडतं, सरळ रुडर किंचित वाकडा होतो. स्पारला आणि जोडांना पांढरा लाकूडगोंद नको, इपॉक्सी वापरा. डिस्कसचा वैरी मे महिना. घरच्या तापमानाला पिकलेलं इपॉक्सी ५५-६० अंशांना मऊ पडायला लागतं आणि उन्हात बंद गाडी तेवढी सहज तापते. खरी फायबर ग्लायडरं पांढरी असतात ती याचसाठी. गाडीत पंख ठेवून जेवायला जाणार असाल तर चांदीच्या रंगाच्या पिशव्या शिवून घ्या आणि पंख दोन ठिकाणी नीट टेकलेला असू द्या.

वेळ, पैसा, वाहतूक

डिस्कसचा खोका आला की सर्वो (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी), लिंकेज, वायरिंग असं करून एक-दीड महिन्यात उडतं. का-८ ला संध्याकाळचे तास धरून एक किंवा दोन पावसाळे. सर्वो दोघांनाही जवळपास सारखेच: दोन एलेरॉन, दोन एअरब्रेक, एलेव्हेटर, रुडर, टो हुक. डिस्कसला चाकाचा एक जास्त. इथे काटकसर करू नका, धातूचे गिअर आणि रिसीव्हरला दोन स्वतंत्र बॅटऱ्या दोन्हींत हव्यात. डिस्कसच्या किमतीत विमानाएवढाच भाडं आणि कस्टमचा वाटा असतो, कारण अडीच मीटरचा खोका कोणीही स्वस्तात आणत नाही. का-८ चे प्लाय आणि पाइन इथेच मिळतं, बाल्सा तेवढा आयातीचा.

अडीच मीटरचा अर्धा पंख हॅचबॅकमध्ये मावत नाही. गाडी लहान असेल तर का-८ १:४ मध्ये करा: पावणेचार मीटर, साडेचार किलो, विंग लोडिंग जवळपास तेच आणि पुढची सीट पाडली की पंख आत जातो. डिस्कस १:४ ला नेण्यात मला अर्थ दिसत नाही. त्याच्या टोकाची कॉर्ड (पंखाची रुंदी) आधीच अरुंद, आणखी लहान केली की वळणात टोकाची उचल आधी तुटते.

मग कोणी काय घ्यावं

ज्यांच्याकडे कमी उंचीचा माळ आहे, एकटेच उडवतात आणि हाताला लाकूडकामाची गोडी आहे, त्यांनी का-८. विशेषतः मोठं मॉडेल पहिल्यांदाच करत असाल तर यात दुसरा विचारही नको. ज्यांना घाटमाथ्याचा पश्चिमेचा दमदार वारा मिळतो, वर गवताची स्वच्छ लांब पट्टी आहे, सोबत पंख धरून फेकणारा जोडीदार आहे, आणि ज्यांनी तीन-चार मीटरचं काही आधी एअरब्रेकवर नेमकं उतरवलंय, त्यांना डिस्कस जे देतं ते का-८ कधीच देणार नाही. ताशी शंभरच्या वर वेग धरून कड्याला समांतर जाणारा तो पांढरा पंख पाहण्यासाठी पैसे जमवणं योग्यच आहे.

का-८ पूर्ण झाल्यावर हात शिवशिवत असतील तर आपलंच एक विमान वाट पाहतंय. नागरी विमान खात्याच्या तांत्रिक केंद्राने नक्षत्रांच्या नावांची लाकडी ग्लायडरं केली होती: अश्विनी, भरणी, कार्तिक आणि १९६१ मध्ये उडालेली, दोघं शेजारी शेजारी बसणारी रोहिणी. पंख सुमारे साडेसोळा मीटर, म्हणजे १:४ ला चार मीटरच्या थोडं वर. आराखडा स्वतः काढावा लागेल आणि रुंद केबिनमुळे फ्यूजलाजचे फॉर्मर का-८ पेक्षा मोठे कापावे लागतील. पण स्पार, डी-बॉक्स, नाकातली मोटर, हे सगळं का-८ वर शिकलेलं जसंच्या तसं तिथे लागू पडतं.