लेव्हरलेस कंट्रोलर: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव आणि घेताना काय बघावं

लेव्हरलेस कंट्रोलर म्हणजे फायटिंग गेमसाठीचा, दांडीऐवजी दिशांनाही बटणंच असलेला कंट्रोलर. आरपी२०४० चिपवर चालणारा सोळा बटणांचा असा एक चपटा कंट्रोलर पुण्यात मार्चच्या उकाड्यापासून गणपतीपर्यंत जवळपास रोज वापरात होता. मुख्यतः स्ट्रीट फायटर ६, थोडं टेकन ८, सगळं पीसीवर. या वर्गातले बरेच बोर्ड आतून एकसारखे असतात, त्यामुळे इथे नावांपेक्षा भागांबद्दल जास्त लिहिलं आहे. फर्मवेअर (चिपवर चालणारं सॉफ्टवेअर) स्वतः बदलता येतं का आणि बटणांखालचे स्विच सोल्डरिंगशिवाय निघतात का, हे दोन प्रश्न किमतीच्याही आधी विचारा. दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर बाकीच्या बहुतेक उणिवा घरी दुरुस्त होतात.

आपल्याकडे हे जास्तच लागू पडतं. अलीएक्सप्रेस हे चिनी ऑनलाइन दुकान नोव्हेंबर २०२० पासून भारतात बंद आहे. बोर्ड इथल्या पुनर्विक्रेत्याकडून किंवा परदेशातून येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मिळतो आणि वॉरंटीसाठी तो परत पाठवणं परवडत नाही. बिघडला तर पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत मिळणाऱ्या सामानावर आणि ऑनलाइन मागवलेल्या स्विचवरच निभवावं लागतं.

मांडणी बहुतेकांची एकच असते. डाव्या हाताची अनामिका ‘डावं’, मधलं बोट ‘खाली’, तर्जनी ‘उजवं’ आणि अंगठ्याखाली मोठं ‘वर’. सोळा बटणांच्या बोर्डावर डाव्या हाताच्या वरच्या बाजूलाही एक बटण असतं. कीबोर्डवर डब्ल्यू-ए-एस-डीची सवय असलेल्यांनी फर्मवेअरमधून त्यालाही ‘वर’ द्यावं. बटणांमधलं अंतर मात्र फर्मवेअरने बदलत नाही. हात लहान असेल तर घेण्याआधी बोर्डाचं खऱ्या मापाचं चित्र कागदावर छापा आणि बोटं ठेवून बघा. अंगठा ताणून ‘वर’पर्यंत जात असेल तर तो बोर्ड सोडून द्या, कारण मनगट आधी तिथेच दुखायला लागतं.

आता एसओसीडी, म्हणजे परस्परविरुद्ध दोन दिशा एकदम दाबल्या तर काय निघावं याचा नियम. दांडीवर हा प्रश्नच येत नाही, बटणांवर पावलोपावली येतो. डावं-उजवं एकत्र म्हणजे न्यूट्रल (दोन्हींपैकी कोणतीच दिशा नाही), हे सगळीकडे चालतं. घोळ वर-खालीचा होता. जुन्या पद्धतीत ‘वर’ जिंकायचं. त्यामुळे गाइलसारख्या चार्ज पात्राला (आधी एक दिशा थोडा वेळ धरून मग मूव्ह सोडणाऱ्या) ‘खाली’ न सोडता नुसतं ‘वर’ आणि किक दाबून फ्लॅश किक मारता यायची आणि पुढचा चार्जही लगेच सुरू व्हायचा. स्ट्रीट फायटर ६ च्या कॅपकॉम स्पर्धांत दोन्ही जोड्या न्यूट्रल धरतात आणि ‘शेवटचं बटण जिंकतं’ ही सेटिंग चालत नाही. घरीसुद्धा पहिल्या दिवसापासून न्यूट्रलच ठेवा. दुसऱ्या सेटिंगवर हात बसला की पुढे स्पर्धेत सगळं नव्याने शिकावं लागतं.

या नियमाचा परिणाम बोटांवर कसा होतो, ते हाफ सर्कलमध्ये, म्हणजे दिशांच्या अर्धवर्तुळात दिसतं. उजवीकडून डावीकडे जाताना उजवं दाबा, त्यात खाली मिळवा, उजवं सोडा, डावं मिळवा, खाली सोडा. बोटं तबल्यावर तिरकिट वाजवावं तशी लागोपाठ पडतात, फक्त प्रत्येक बोट थोडं उशिरा उचलायचं. डावं पडेपर्यंत उजवं सुटलं नसेल तर ‘खाली-डावं’ऐवजी नुसतं ‘खाली’ नोंदलं जातं आणि मूव्ह उशिरा तरी निघते किंवा निघतच नाही. गेम सेकंदाला साठ फ्रेमवर चालतो, म्हणजे एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. ट्रेनिंग मोडमध्ये की हिस्टरी (दाबलेल्या बटणांची यादी) चालू ठेवा. कोणतं बटण किती फ्रेम जास्त दाबलेलं राहिलं, हे आकड्यातच दिसतं.

शोर्युकेनसाठी (उडी मारून वर मारायचा पंच) उजवं दाबून पूर्ण सोडा, खाली दाबून धरा, मग उजवं आणि पंच एकत्र. सुरुवातीला उजवं सोडलंच जात नाही, त्यामुळे मधलं निव्वळ ‘खाली’ येत नाही. उलटा त्रास चालत पुढे जाऊन हाडोकेन (फेकायचा ऊर्जेचा गोळा) मारताना होतो. आधीचं ‘उजवं’ मोजलं जातं आणि शोर्युकेन निघतो. चालणं थांबवून क्षणभर न्यूट्रल द्या आणि मग खाली जा. टेकनमध्ये मिशिमा घराण्यातल्या पात्रांची इलेक्ट्रिक ही अचूक वेळेची पंचाची मूव्ह इथे सरावाने बरीच स्थिर होते, कारण ‘खाली’ धरलेलं असताना ‘उजवं’ आणि पंच ही दोन बोटं एकाच फ्रेममध्ये पाडायची असतात. दांडी कोपऱ्यात पोचेपर्यंत वाट बघावी लागत नाही.

स्विच. बोर्डावर कैल चोक व्ही१ रेड होते: ५० ग्रॅमच्या आसपास दाब, दीड मिलिमीटरवर नोंद, एकूण तीन मिलिमीटर प्रवास. दिशांसाठी उत्तम. ‘वर’साठी मात्र यापेक्षा हलका स्विच घेऊ नका. अंगठा बटणावर टेकलेलाच असतो आणि हलक्या स्विचवर नको तेव्हा उडी जाते. आवाज करणारे क्लिकी स्विच फ्लॅटमध्ये रात्री अकरानंतर त्रासदायक ठरतात, भिंतीपलीकडेही. चोक व्ही१ आणि व्ही२ सरसकट एकमेकांच्या जागी बसत नाहीत. व्ही२ चा मधला खुंटा जाड असतो आणि त्याला कीकॅपही वेगळी लागते. गेटरॉनच्या लो-प्रोफाइल स्विचच्या पिनाच वेगळ्या जागी असतात. मागवण्याआधी बोर्डावरचं सॉकेट (स्विच ज्यात बसतो तो भाग) कोणतं आहे, ते विक्रेत्याकडून लेखी घ्या.

स्विच बसवताना बोर्डाच्या खालून बोटाने सॉकेटला आधार द्या. नुसतं वरून दाबलं की सॉकेटचा सोल्डर उखडतो किंवा पिन दुमडते, आणि दुमडलेली पिन वरून अजिबात दिसत नाही.

जुलैच्या दमट हवेत ‘खाली’चा स्विच दुहेरी नोंद द्यायला लागला: एकदा दाबलं की हिस्टरीत दोनदा, मध्ये एखाद्या फ्रेमचं अंतर. अशा वेळी तो स्विच दुसऱ्या जागी लावून बघा. दोष स्विचबरोबर गेला तर स्विच खराब, जागेवरच राहिला तर सॉकेट किंवा सोल्डर. इथे स्विचच होता, बदलल्यावर प्रश्न मिटला. फर्मवेअरमधला डीबाउन्स, म्हणजे एका दाबानंतर पुढचे थरथरते संकेत दुर्लक्षित करण्याचा वेळ, मुळात ५ मिलिसेकंद असतो. तो थोडा वाढवून स्पर्धेचा दिवस निघतो, पण तो कायमचा इलाज नव्हे.

फर्मवेअर जीपी२०४०-सीई, मोफत आणि मुक्तस्रोत. स्टार्ट दाबून ठेवून केबल जोडली आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.७.१ उघडलं की बटणं, एसओसीडी, दिवे सगळं बदलता येतं. नवी आवृत्ती टाकताना बोर्डावरचं बूटसेल बटण दाबून जोडा, आरपीआय-आरपी२ नावाचा ड्राइव्ह दिसतो, त्यात फर्मवेअरची यूएफ२ फाइल टाका. फाइल आपल्याच बोर्डाची हवी. दुसऱ्याची टाकली तर बटणांच्या जागा बदलतात. बोर्ड कायमचा मरत नाही, योग्य फाइल पुन्हा टाकली की ठीक होतो.

पीसी आणि निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर अडचण नाही. प्लेस्टेशनवर आहे: पडताळणीच्या किल्ल्या नसतील तर पीएस४ मोड आठ मिनिटांनी तुटतो आणि पीएस५ साठी परवानाधारक कंट्रोलर किंवा डोंगल मध्ये जोडावा लागतो. फक्त पीएस५ वरच खेळणार असाल तर रेझर कित्सुने किंवा व्हिक्ट्रिक्ससारखं अधिकृत मॉडेल महाग असलं तरी तेच घ्या.

वजन हा या चपट्या बोर्डांचा खरा दोष. सनमायकाच्या टेबलावर तो सरकतो, मांडीवर तर टिकतच नाही. खाली रबराची जाळी घाला. टाईप-सी जोडही ओढाताणीने सैल होतो, म्हणून केबल टेबलाच्या कडेला चिकटपट्टीने बांधा आणि काटकोनी टोकाची घ्या.

स्वतः बनवायचा असेल तर रास्पबेरी पाय पिको (आरपी२०४० चिपचाच छोटा बोर्ड), दिशांना आणि हल्ल्यांना २४ मिमीची सान्वा ओबीएसएफ बटणं, उडीला ३० मिमीचं, वर ३ मिमी ॲक्रिलिक. वायरला २.८ मिमीचे क्रिम्प टर्मिनल लागतात. बटणाचा एक पाय ग्राउंडच्या साखळीत आणि दुसरा आपापल्या पिनवर: पिकोच्या मूळ मांडणीत वर जीपी२, खाली जीपी३, उजवं जीपी४, डावं जीपी५. रेझिस्टर लागत नाहीत, पुल-अप (बटण सुटलेलं असताना पिन ‘चालू’ पातळीवर धरणारा रेझिस्टर) चिपमध्येच असतो. ग्राउंडची साखळी मध्येच तुटली तर तिथून पुढची सगळी बटणं एकदम बंद पडतात, तेव्हा मीटर घेऊन पहिला मेलेला जोड शोधा.