नळी अडली: अन्ननलिका जन्मतः बंद, की घशाला इजा?

नवजात बाळाच्या तोंडातून सारखी फेसाळ लाळ येते, पाजलं की ते गुदमरतं आणि पोटात घालायची नळी मध्येच अडते. अशा वेळी केसपेपरवर लगेच 'अन्ननलिका जन्मतः बंद' असं लिहिलं जातं. पण घशाच्या मागच्या भिंतीला छिद्र पडलं असेल, तरी चित्र हुबेहूब असंच दिसतं. उपचार मात्र वेगळे आहेत. अन्ननलिका बंद असेल तर ऑपरेशनला पर्याय नाही. छिद्र असेल तर बहुतेक वेळा ऑपरेशन लागतच नाही. धडगाव, मोलगी, यावल, चोपडा अशा ठिकाणी बालशल्यचिकित्सक हाताशी नसतो, त्यामुळे हा फरक आधी तिथल्याच डॉक्टर-सिस्टरना ओळखावा लागतो.

पहिला धागा जन्माच्या वेळचा. गरोदरपणात सोनोग्राफीत गर्भजल जास्त दिसलं होतं आणि पहिलीच नळी रक्ताचा थेंबही न येता अडली, तर बंद अन्ननलिकेची शंका बळावते. उलट बाळ कमी दिवसांचं, कमी वजनाचं आहे, श्वासाची ट्यूब टाकताना दोन-तीनदा प्रयत्न झाले, सक्शनची (लाळ ओढून काढायची) नळी खोलवर गेली किंवा घरच्या बाळंतपणात बोट घालून घसा साफ केला, आणि नळीला ताजं रक्त लागलं, तर आधी इजाच समजा. मान जास्त मागे झुकवली की अन्ननलिकेचं तोंड मणक्यावर दाबलं जातं. तिथला स्नायूही आवळलेला असतो, म्हणून नळीचं टोक नेमकं तिथेच भिंतीत घुसतं. मानेच्या कातडीखाली बोटाला करकर लागणं किंवा छातीत, विशेषतः उजवीकडे, हवा साठणं हीसुद्धा इजेकडे बोट दाखवणारी खूण आहे.

नळी तशीच ठेवून छातीचा एक्स-रे समोरून आणि बाजूने काढा. बंद अन्ननलिकेत १० फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) नळी ओठांपासून साधारण १० ते १२ सेंमीवर थांबते आणि तिच्याभोवती हवेने फुगलेली रुंद, गुळगुळीत पिशवी दिसते. मऊ, बारीक नळी मात्र पिशवीत वेटोळं घालून फसवते. इजेत नळी वाट सोडते: मणक्याला चिकटून किंवा मधल्या रेषेच्या उजवीकडे जाते, कधी अपेक्षेपेक्षा खूप खोलही उतरते. तरीही खात्री नसेल, तर मोठ्या केंद्रात पाण्यात विरघळणारा, आयोडीनयुक्त नॉन-आयॉनिक कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत उठून दिसणारा द्रव) अर्धा ते एक मिली सोडून पाहतात. अशा बाळाला बेरियम देऊ नये.

उपचारातला फरक असा. छिद्र लहान असेल आणि बाळ स्थिर असेल, तर तोंडाने काहीही नाही, शिरेतून पोषण, ॲनारोबिक (ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या) जंतूंनाही पुरतील अशी अँटिबायोटिक्स, आणि ७ ते १० दिवसांनी पुन्हा कॉन्ट्रास्ट. गळती थांबलेली दिसली की दूध सुरू. छातीत हवा साठली तर ड्रेन (ती हवा बाहेर काढणारी नळी) लागतो. गळू झालं, छातीत जंतुसंसर्ग पसरला किंवा बाळ खालावत गेलं, तरच सर्जन शस्त्रक्रियेचा विचार करतात. चुकीच्या निदानावर छाती उघडणं हे आधीच नाजूक असलेल्या बाळावर फार मोठं ओझं आहे. ते टाळता येतं, म्हणूनच एवढा आग्रह.

निदान पक्कं नसलं तरी पाठवण्याची तयारी सारखीच: डोकं थोडं वर, अंग उबदार, शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज, रक्तातल्या साखरेवर लक्ष. मध, गुटी, पाणी काहीच नको, हे आजीला आणि आईला स्पष्ट सांगा. अडलेली नळी जोर लावून पुढे ढकलू नका. तोंडातली लाळ पुढच्या पुढेच ओढा. एरवीही सक्शन तोंडात ५ सेंमी आणि नाकात ३ सेंमीच्या पुढे नको. १०८ ची गाडी मिळते आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाची सरकारी दवाखान्यातली ने-आण मोफत आहे. पण निघण्याआधी पुढच्या रुग्णालयात बालशल्यचिकित्सक आहे का, हे फोनवर विचारा.

चिठ्ठीत नळीचा नंबर, ती किती सेंमीवर अडली, रक्त आलं का आणि श्वासाच्या ट्यूबसाठी किती प्रयत्न झाले, हे लिहाच. दोष आपल्यावर येईल या भीतीने शेवटची ओळ गाळली जाते, आणि ती नसेल तर पुढचा सर्जन बंद अन्ननलिका समजूनच पुढे जाण्याची शक्यता वाढते.