‘तुमच्या वेगाने शिका’, पण १८० दिवसांत

आधीच सांगते, कोर्सचं नाव लिहिणार नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला उगाच कुणाचा फोन नको. मोबाईल उघडला की जाहिराती येतात ना, मॉडर्न ऑफिस ॲडमिनिस्ट्रेशन, सेल्फ पेस्ड, घरबसल्या सर्टिफिकेट, मूळ किंमत ११,९९९ आज फक्त ३,४९९, आणि वर उलटं घड्याळ पळतंय, त्यातलाच एक. ते घड्याळ संपलं की पान रिफ्रेश करायचं, परत दोन तास मिळतात. मी तीन दिवस हा खेळ बघितला आणि मग पैसे भरले.

मी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसला आहे, अकरा वर्षं झाली. पोस्ट काय विचारलं तर सांगता येत नाही, बिलं करते, माल गाडीत भरला की त्याचं ई-वे बिल काढते, हजेरी-पगार बघते, बँकेत जाते, पार्ट्यांचे फोन घेते, आलेल्याला चहा सांगते. टाइपरायटरवर मराठी ३० इंग्रजी ४० झालेली, नंतर एमएससीआयटी, त्यावर इतकी वर्षं निभावलं. मग मालकांचा मुलगा पुण्याहून शिकून आला आणि ऑफिसात बसायला लागला. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, ताई हे शीट शेअर का नाही करत, पेनड्राइव्ह कशाला फिरवताय? वाईट बोलला नाही ओ पोरगं, पण लागलं मनाला. १८ ऑगस्ट २०२४, रविवार होता, त्या दिवशी कोर्स घेतला.

शिकवणारे सर चांगले आहेत, हिंदी-इंग्रजी मिक्स बोलतात, घाई करत नाहीत, एक गोष्ट दोनदा करून दाखवतात. मराठी सबटायटल्स आहेत असं जाहिरातीत होतं, आहेत पण, पण ती लावायची नाहीत हे माझं पहिलं सांगणं. मशीनने केलेली आहेत. एक्सेलमधला सेल म्हणजे तिथे ‘पेशी’. पिवट टेबल म्हणजे ‘मुख्य मेज’. मीटिंगचे मिनिट्स कसे लिहायचे हा चांगला धडा आहे, कोण हजर, काय ठरलं, कुणी कधीपर्यंत करायचं, एवढंच लिहा बाकी भाषणं नको असं सर सांगतात, आणि खाली मराठीत येतं ‘सभेनंतर सर्वांना मिनिटे पाठवा’. माझी मुलगी दहावीला आहे, ती शेजारी बसून एवढी हसली की मला व्हिडिओ मागे घ्यावा लागला.

आता ज्या एका धड्यासाठी माझे ३,४९९ वसूल झाले तो सांगते. चारच मिनिटांचा आहे, तोही सहाव्या मॉड्यूलच्या शेवटी कुठेतरी, ‘नंबर का मजकूर’ अशा काहीतरी नावाचा.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे कामगारांचा रोख पगार बंद करून खात्यावर द्यायला सुरुवात झाली. मी सगळ्यांची पासबुकं मागवली, एकेक नंबर एक्सेलमध्ये टाकला, यादी बँकेला मेल केली. दिवाळीच्या तोंडावरचा पगार. दुसऱ्या दिवशी एका बँकेतल्या पंधरा जणांपैकी चौदा जणांचे पैसे परत. चौदा माणसं माझ्या टेबलासमोर उभी, कुणाला किराणा भरायचाय, कुणाला पोरांचे कपडे घ्यायचेत, आणि मालक आतून मोठ्याने, नीट बघून टाइप करता येत नाही का. मी पासबुक आणि शीट शेजारी ठेवून बघितलं तर सगळ्यांच्या नंबरात शेवटचा आकडा शून्य. पासबुकात ७, माझ्याकडे ०. पासबुकात ३, माझ्याकडे ०. मी रडायचीच राहिले होते, कारण मला चांगलं आठवत होतं की मी ७ दाबलाय, पण चौदा वेळा चुकलं म्हटल्यावर कोण ऐकणार, मलाच माझी खात्री राहिली नाही. त्या वेळी हाताने यादी लिहून बँकेत नेऊन दिली, आणि तेव्हापासून हा धडा बघेपर्यंत पगाराची यादी मी तीन तीनदा तपासत होते, घरी येऊन पण डोक्यात तेच.

तर धड्यात सर काय सांगतात, एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ आकडेच धरतं, सोळावा टाकला की त्याचं शून्य करतं. आणि त्या बँकेचे खाते नंबर १६ आकडी! बाकीच्या बँकांचे ११, १२, १४ आकडी म्हणून ते बरोबर गेले. आणि पंधराव्या माणसाचा पगार का पोचला, तर त्याच्या नंबरच्या शेवटी मुळातच शून्य होता. मी व्हिडिओ थांबवला आणि नुसती बसून राहिले. उपाय काय तर नंबर टाकायच्या आधी तो कॉलम टेक्स्ट करायचा, किंवा नंबराच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह द्यायचं, झालं. आधी हं, आकडे टाकून झाल्यावर टेक्स्ट केलं तर गेलेला आकडा परत येत नाही. दुसऱ्या दिवशी मालकांना करून दाखवलं. ते बघत राहिले, म्हणाले अरे असं होय, आणि चहा मागवला. सॉरी म्हणायची पद्धत नाही आमच्याकडे, चहा मागवला तेवढं पुरे.

सगळे धडे असे लागू पडत नाहीत हे पण खरं. एक्सलुकअपवर, म्हणजे एका यादीतलं नाव दुसरीत शोधून समोरचा आकडा आणणारं एक्सेलचं सूत्र, त्यावर दोन तास आहेत, सर म्हणतात जुनं व्हीलुकअप विसरा आता, मी आनंदाने विसरले आणि ऑफिसात येऊन टाकलं तर उत्तराच्या जागी हॅश नेम अशी एरर. आमच्या मशीनवर एक्सेल २०१६, त्यात एक्सलुकअप नाहीच. हे धड्याच्या सुरुवातीला एका वाक्यात सांगता आलं असतं की राव. परत यूट्यूबवर व्हीलुकअप शिकले, आणि सूत्राच्या शेवटी शून्य का टाकायचं ते पहिल्यांदा कळलं, तंतोतंत तेच सापडलं तरच उत्तर यावं म्हणून, इतकी वर्षं न टाकता कशी चालली काय माहिती, चुकीचे दर कुठे कुठे गेले असतील देव जाणे.

मेल मर्ज हा दुसरा मोठा विषय, म्हणजे पत्र एकच लिहायचं आणि वर्ड यादीतून प्रत्येकाचं नाव-रक्कम आपोआप भरतं. दिवाळीला ६४ कामगारांना बोनसचं पत्र द्यायचं असतं, दरवर्षी एकाच पत्रात नाव बदल, रक्कम बदल, प्रिंट मार, असं दीड दिवस चालायचं. कोर्समध्ये शिकले आणि म्हटलं यंदा करूनच दाखवते. पहिली अडचण, आमची नावांची यादी जुन्या मराठी फॉन्टमध्ये, मर्ज केल्यावर नावांच्या जागी नुसती चिन्हं आणि आडव्या-तिडव्या रेघा. कोर्सला याची खबरच नाही, त्यांची यादी इंग्रजी नावांची. मग ६४ नावं युनिकोडमध्ये परत टाइप केली, त्यात आमच्याकडे निम्मी आडनावं तेलुगू, प्रत्येकाला विचारून लिहावी लागतात. ते केलं, पत्रं काढली, काय सुंदर दिसत होती, दहा मिनिटांत ६४, वाटली पण. आणि लूमवरचा एकजण पत्र घेऊन परत आला, ओ ताई, मी श्रावणात लागलो की इथं, तुम्ही मे महिना लिहिलाय. शीटमध्ये ०५/०८/२०१६ आणि पत्रात ८/५/२०१६. वर्ड मर्ज करताना तारीख अमेरिकन पद्धतीने उलटी करतं, आधी महिना मग दिवस. ज्यांची तारीख १३ किंवा पुढची त्यांची चूक लगेच दिसते, १२ पर्यंतची दिसतच नाही, ती जास्त घातक. यासाठी ऑल्ट एफ नाईन दाबून फील्डचा कोड उघडायचा, त्यात उलटी तिरकी रेघ, ॲटचं चिन्ह आणि पुढे तारखेचा साचा लिहायचा, महिन्याचे दोन एम कॅपिटलच पाहिजेत, छोटे टाकले की वर्ड त्याला मिनिटं समजतं. परत मिनिटं! हे मी सपोर्टला विचारलं होतं, चार दिवसांनी उत्तर आलं ‘कृपया धडा ५.३ पुन्हा पाहा’. ५.३ मध्ये नाहीये ते. मला एका बँकेतल्या मैत्रिणीने सांगितलं.

ईमेलचं मॉड्यूल गोड आहे पण सोलापूरचं नाही. थकलेल्या पैशासाठी तीन मेलचा नमुना दिलाय, पहिला नम्र, दुसरा जरा कडक, तिसरा साहेबाला सीसी ठेवून. आमच्या हैदराबादच्या पार्टीला मी पहिला मेल पाठवला, दोन आठवडे काही नाही. मग नेहमीसारखा फोन केला, शेठ बरे आहेत का, नातवाचं कसं काय, जेवण झालं का, आणि शेवटी जाता जाता ते जुनं बिल. संध्याकाळी निम्मे पैसे आले. पण म्हणून मेल वाया गेला असं मी म्हणणार नाही, कारण उरलेल्या निम्म्याच्या वेळी ते म्हणाले बिलच मिळालं नाही, तेव्हा मेल तारखेसकट पुढे करता आला. आणि सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांच्या आत द्यायचे, नाही दिले तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही, हा नियम आमच्या सीएंनी सांगितलेला, तो पण त्यात एका ओळीत घातला. कोर्समध्ये यातलं काही नाही, जीएसटी नाही, ई-वे बिल नाही, पीएफ नाही. भारतात विकताय तर दहा मिनिटं तरी द्यायची त्यावर.

ते मी माझं मी जोडून घेतलं. कॅलेंडरच्या धड्यात रिपीट होणारे रिमाइंडर शिकवलेत, त्यात मी ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीचं जीएसटीआर-१, १५ ला पीएफ, २० ला जीएसटीचंच थ्री-बी रिटर्न असं लावून मालकांनाही जोडलं. पहिल्या महिन्यात २० तारखेला सकाळी ते कुणाच्या तरी लग्नात, मंगलाष्टकं चालू आणि खिशात फोन वाजतोय. आल्यावर बोलले मला. पण रिमाइंडर काढायला सांगितलं नाही.

आता त्या ‘सेल्फ पेस्ड’चं. तुमच्या वेगाने शिका म्हणतात आणि ॲक्सेस १८० दिवसांचा, हे पैसे भरल्यावर पावतीच्या मेलमध्ये खाली बारीक अक्षरात. माझा वेग म्हणजे काय, तर सकाळी डबे, दिवसभर कारखाना, रात्री साडेनऊनंतर लॅपटॉप. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ज्या रात्री येणार त्या रात्री धडा नाही, सगळी भांडी पिंपं भरेपर्यंत बारा. गणपतीत दहा दिवस काही नाही, दिवाळीत पंधरा दिवस, जानेवारीत गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची यात्रा आली, नंदीध्वज, अक्षता, पाहुणे, लेकीला होम मैदानावर पाळण्यात बसायचं, तो आठवडा गेला. म्हणजे १८० तले माझ्या हाताला ७०-८० रात्री लागल्या असतील. १४ फेब्रुवारीला बंद झाला तेव्हा माझे शेवटचे तीन धडे राहिलेले, आणि वाढवायचं तर ४९९ भरा. मी नाही भरले.

शेवटची परीक्षा मात्र आधीच देऊन ठेवलेली, वीस प्रश्न, चुकलं तर लगेच परत देता येते, तेच प्रश्न तोच क्रम, म्हणजे सर्टिफिकेटला काय अर्थ ते तुम्हीच समजा. नवी पेठेत रंगीत प्रिंट काढून आणली, कपाटात आहे. नुसत्या त्या कागदावर नोकरी मिळेल म्हणून कुणी घेत असेल तर घेऊ नका, मुलींना तर मी सांगेन आधी टायपिंगची परीक्षा द्या, इथल्या ऑफिसांत अजून तेच पहिलं विचारतात. माझं एवढं लक्षात राहिलं कारण रात्री शिकलेलं सकाळी समोर पडलेलंच होतं. डॅशबोर्डचा, म्हणजे सगळे आकडे-आलेख एका पानावर दाखवायचा, अख्खा विभाग मी मन लावून केला, वही भरली, पण आमच्याकडे डॅशबोर्ड मागणारं कुणी नाही, आज विचाराल तर एक अक्षर आठवत नाही.

फायलींच्या नावांचा धडा तेवढा सांगायचा राहिला. कोर्समध्ये सांगितलंय नावाच्या सुरुवातीला वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे फायली आपोआप ओळीने लागतात, आणि फायनल हा शब्द वापरूच नका. आमच्याकडे ‘स्टॉक फायनल’, ‘स्टॉक फायनल नवीन’, ‘स्टॉक फायनल काका’, ‘स्टॉक फायनल हेच बघा’ अशा फायली होत्या. अकाउंटचे काका चाळीस वर्षं हिशेब लिहितात, त्यांना सांगितलं तर म्हणाले, ताई माझी फाईल मला सापडते, तुम्हाला सापडावी म्हणून मी नाव बदलू का? मी सोडून दिलं. मार्च एंडला रात्री आठपर्यंत बसलो होतो सगळे, सकाळी शेअर्ड फोल्डर उघडलं तर काकांची फाईल सगळ्यात खाली, बरोबर जागेवर, ‘२०२५-०३-३१ स्टॉक फायनल फायनल’.