क्राउडस्ट्राइक फाल्कन : संरक्षण उत्तम, जोखीम सामायिक

सायबर हल्ल्यांपासून संगणकांचे रक्षण करणारे सॉफ्टवेअर म्हणून क्राउडस्ट्राइक कंपनीच्या 'फाल्कन'बद्दल माझे मत चांगले आहे. ते विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलच्या पातळीवर काम करते, त्यामुळे घुसखोराच्या हालचाली त्याला लवकर कळतात. शिवाय नव्या हल्ल्यांची माहिती त्यात वरचेवर आपोआप येत राहते. १९ जुलै २०२४ रोजी नेमके हेच दोन गुण अंगलट आले.

त्या दिवशी अशीच नवी माहिती घेऊन आलेली 'चॅनल फाइल २९१' एकविसावी नोंद तपासू पाहत होती; सेन्सरकडे, म्हणजे संगणकावर बसवलेल्या फाल्कनच्या भागाकडे, नोंदी होत्या वीसच. नसलेली नोंद वाचताना सॉफ्टवेअर कोसळले आणि त्याच्यासोबत अख्खे विंडोज बंद पडले. कंपनीने ७८ मिनिटांत सदोष फाइल मागे घेतली, तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणकांना फटका बसला. विंडोजवर चालणाऱ्या एकूण संगणकांच्या तुलनेत हे प्रमाण एक टक्क्याहून कमी असले, तरी त्यांत विमान कंपन्या, रुग्णालये आणि बँका होत्या, म्हणजे ज्यांचे काम थांबले की इतरांचेही अडते अशा संस्था.

दुरुस्ती तर अधिकच जिकिरीची ठरली. असंख्य संगणकांपाशी प्रत्यक्ष जाऊन, ते सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अत्यावश्यक भागांनिशी, सुरू करून ती फाइल काढावी लागली. डिस्कला बिटलॉकर या विंडोजच्या सुविधेचे कुलूप असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की हवी होती, आणि काही ठिकाणी त्या की ज्या सर्व्हरवर जपून ठेवल्या होत्या, तोच बंद पडलेला होता. डेल्टा एअरलाइन्सचे संगणक पुन्हा सुरू झाल्यानंतरही कर्मचाऱ्यांच्या नेमणुका सांभाळणारी प्रणाली साचलेल्या बदलांमागे धावत राहिली, आणि काही दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणे रद्द झाली.

त्यानंतर कंपनीने अशा फाइली टप्प्याटप्प्याने पाठवायला सुरुवात केली आणि त्या केव्हा, कुठे लागू करायच्या हे ठरवण्याची मुभा ग्राहकांना दिली. ही सुधारणा मला मनापासून पटते, कारण पहिल्या टप्प्यातच बिघाड दिसला तर पुढचे सगळे वाचतात. मात्र एकाच उत्पादनावर इतक्या अत्यावश्यक सेवा विसंबून असल्याची जोखीम तिने मिटत नाही, आणि एकट्या ग्राहकाच्या खरेदीच्या हिशेबात ती दिसतही नाही.

उत्पादन घ्यावे, असेच मी सांगेन. फक्त सगळे संगणक एकाच वेळी अपडेट मिळणाऱ्या गटात ठेवू नयेत, आणि रिकव्हरी कीची एक प्रत विंडोजवर अवलंबून नसलेल्या जागी जरूर ठेवावी.