डुकराच्या पिल्लांचा सोयावाला स्टार्टर, सात महिने वापरून: टॅगवरच्या 22 टक्क्यांवर जाऊ नका

मागच्या आठवड्यात पुन्हा एका लॉटने दगा दिला, म्हणून लिहायला बसलो.

आधीच्या खाद्यात मासळीचा कुटा आणि दूध पावडर होती. हा स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य, पूर्ण सोया डीओसी (तेल काढलेली सोयापेंड) आणि मक्यावर. पोत्यामागे पावणेचारशे रुपये वाचत होते आणि टॅगवर प्रोटीन तेवढंच, 22 टक्के. पहिल्याच बॅचला दूध तोडल्यावर पाचव्या दिवशी अकरापैकी आठ पिल्लांना हगवण लागली. कणा वर आला, शेपटीखाली सोलवटलं, दोन दगावली. कंपनीच्या माणसाचं उत्तर एकच: जंत असतील. जंताचं औषध आधीच दिलेलं होतं.

तेव्हा मी हे खाद्य नापास केलं होतं. आता पूर्ण तसं म्हणणार नाही, कारण 28 दिवसांवर दूध तोडणं ही माझी चूक होती. त्या वयात जठरात आम्ल पुरेसं बनत नाही, पोट दुधावर बसलेलं असतं. सोयाचं प्रोटीन अर्धवट पचून मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथे जंतू माजतात. पुढच्या बॅचचं दूध 42 दिवसांवर तोडलं, दुसऱ्या आठवड्यापासून मूठ-मूठ खाद्य चाटवलं, दहा दिवस जुन्यात मिसळून दिलं. एकही पिल्लू आजारी नाही. पंधरा किलोच्या वरच्यांना तर हे खाद्य छानच लागू पडतं.

मग मागच्या आठवड्यात काय झालं? वय तेच, शेड तीच, फक्त लॉट नवा. कच्च्या सोयात ट्रिप्सिन इन्हिबिटर असतं, ते प्रोटीन पचूच देत नाही. डीओसी नीट टोस्ट केली की ते निकामी होतं. सोयातलं युरिएज, म्हणजे युरियातून अमोनिया काढणारं एन्झाइम, तेही त्याच उष्णतेने मरतं, म्हणून युरिएजवरून कच्चेपणा ओळखता येतो.

आता लॉट आला की मी दोन काचेच्या बाटल्या घेतो. दोन्हींत मूठभर खाद्य कुटून कोमट पाणी, एकीतच चमचाभर युरिया, झाकण घट्ट, वीस मिनिटं. चांगल्या लॉटला नुसता पेंडेचा वास येतो. या लॉटचं झाकण काढलं आणि अमोनिया असा भसकन नाकात गेला की डोळ्यांत पाणी आलं. बिनयुरियाच्या बाटलीला काहीच नाही. तपासलेलं खाद्य मात्र जनावराच्या तोंडी लागू देऊ नका.

जास्त भाजलेली डीओसी यात सापडत नाही. तिच्यातलं लायसिन (प्रोटीनचा एक गरजेचा घटक) साखरेशी बांधलं जातं, टॅगवर दिसतं पण पिल्लाला मिळत नाही. रंग काळपट आणि वास जळका असेल तर पोतं परत करा.

बाटल्यांचा व्हिडिओ पाठवल्यावर चार दिवसांनी पोती बदलून मिळाली. टॅगवर पचनीयता छापा म्हटलं, त्याला नकार. 22 टक्के तर सरकी पेंडीनेही भरून काढता येतात, आणि तिच्यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं.

बदललेल्या पोत्यांची बाटली उद्या लावतो. तोवर लहान पिल्लं जुन्याच महाग खाद्यावर आहेत.