ग्लुएन२ए आणि ग्लुएन२बी : प्रौढ मेंदूतील दोन उपघटक
खानापुरातील आमच्या गल्लीत चार वर्षांची मुलगी खेळता खेळता कन्नड उचलते, तर कोल्हापूरहून सून म्हणून आलेली तिची आई बसवरची पाटी अजून एकेक अक्षर जुळवत वाचते. या फरकाचे सगळे उत्तर एका रेणूत नाही. तरी शिकताना चेतासंधी, म्हणजे मेंदूतील पेशींमधले संकेत देण्याघेण्याचे जोड, कशा बदलतात हे समजण्यासाठी एनएमडीए ग्राहीचे, म्हणजे या जोडांवर संकेत टिपणाऱ्या प्रथिनाचे, ग्लुएन२ए आणि ग्लुएन२बी हे दोन उपघटक शेजारी ठेवून पाहावेत.

ग्लुटामेट हे संकेत पोहोचवणारे रसायन ग्राहीवर येऊन बसले तरी दोन्हींत मॅग्नेशियमचा आयन वाट अडवून असतो. पेशीपटलावरील विद्युतदाब पुरेसा बदलल्यावरच तो हटतो आणि कॅल्शियम आत शिरते. फरक पडतो तो दार किती वेळ उघडे राहते यात. ग्लुएन२एचा प्रवाह ओसरायला सुमारे ५० मिलिसेकंद लागतात, ग्लुएन२बीचा मात्र सुमारे ३०० मिलिसेकंद रेंगाळतो, त्यामुळे थोड्या अंतराने आलेले संकेतही त्याला जोडता येतात. शिवाय बीचे लांब शेपूट चेतासंधी बळकट करणाऱ्या कॅमकेटू या विकराला (एन्झाइमला) घट्ट धरून ठेवते.

जन्माच्या सुमारास बीचे प्राबल्य असते, वाढत्या वयात ए पुढे येतो. १९९९ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ ज्यो त्सिएन यांच्या गटाने अग्रमेंदूत बी जास्त बनवणारे उंदीर तयार केले, तेव्हा ते प्रौढपणीही स्मृतीच्या चाचण्यांत सरस ठरले. म्हणून बी चांगला आणि ए वाईट असे मात्र मला म्हणवत नाही, कारण प्रौढ हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृती घडवणाऱ्या मेंदूच्या भागात, दोन्ही असतात, आणि पुष्कळदा एकाच ग्राहीत.